मुरलेला आवाज जातो कुठे?

आमच्या ऑफिसात किस्से साठत नाहीत, मुरतात! म्हणजे बघा, आमचं कामच आवाज मुरवायचं. एखादा हॉल घुमतो, भाषणातलं अक्षर कळत नाही, मग लोक आम्हाला बोलावतात. आम्ही भिंतींना, छताला मऊ पॅनेलं लावतो आणि हॉल गप्प बसतो. बाकीचे लोक गिऱ्हाइकाला वस्तू देतात, आम्ही शांतता देऊन येतो. आणि येताना गाडीत एक तरी किस्सा घेऊन येतो. पाच वर्षांत इतके झालेत की चहाला बसलो की मित्र आधीच दम देतात, "सायले, भुताचं नको हां!"

अरे, मी कुठे भुताचं सांगते? झालं तेच सांगते!

टीम आमची तिघांची. वाबळे मॅडम बॉस. पन्नाशी ओलांडलेली, कॉटनची साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. फिरोजभाई पॅनेलं बनवतात, नागापूर एमआयडीसीत त्यांचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. आणि मी लॅपटॉप, माइक आणि फुगे सांभाळते.

हो, फुगे! त्यांच्यापासूनच सुरू करू.

*

हॉल किती घुमतो हे मोजायला आम्ही मोठ्ठा फुगा फोडतो. धाड! मग तो आवाज किती वेळ रेंगाळतो ते माइक पकडतो. पण त्याआधी मॅडमची एक पद्धत आहे. कुठल्याही खोलीत शिरल्या की मधोमध उभं राहून तीन टाळ्या. "ओळख करून घ्यावी," म्हणतात. "अनोळखी माणसाच्या घरात एकदम फुगे फोडतो का आपण?"

जामखेड रोडला एक मंगल कार्यालय होतं. तिथला मॅनेजर आम्हाला डीजेवालेच समजला. "बॉक्स किती लावनार? बेस पायजे बरं का!"

मी त्याला समजावलं, की दादा, आम्ही आवाज आणत नाही, घालवतो. तो विचारात पडला. मी फुगा फोडला. हॉल अक्षरशः गुरगुरला हो! संपतोय संपतोय म्हणेपर्यंत परत कुठूनतरी बारीकसा घुमायचा.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पॅनेल लावल्यावर ह्यो आवाज जातो कुठं?"

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं आणि मॅडमचं उत्तर ठरलेलं आहे. "कुठे जात नाही. त्याची उष्णता होते. सगळ्याच भिंती थोडा थोडा आवाज पितात आणि किंचित गरम होतात. हाताला कळणार नाही इतक्या."

त्या बाबाने लगेच तळहात भिंतीला लावला. डोळे मिटले. पंधरा वर्षं त्या हॉलात लग्नं लागत होती म्हणे, बँड, सनई, पाठवणीची रडारड.

"मॅडम," तो म्हणाला, "कळतंय की!"

मी हसत हसत हात लावला. जानेवारीतली सकाळ, अंगात स्वेटर, आणि उत्तरेची सावलीतली भिंत. कोमट होती. ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

मॅडमनी हात लावला नाही. म्हणाल्या, "फुगा फुगव दुसरा."

*

आता फिरोजभाईंचा. हा सांगितला की ते अजून चिडतात.

नागापूरच्या एका कंपनीत मीटिंग रूम करत होतो. शेजारी पत्रे ठोकणाऱ्या प्रेस मशिनांचं शॉप, त्यामुळे भिंत जाडजूड. आत कापसासारखं ग्लासवूल, वर लाकडी पॅनेल. काम संपलं, आम्ही घरी. फिरोजभाईंचा फोन काही सापडेना. सगळीकडे शोधला. वर्कशॉपात, गाडीत, अगदी भाभींच्या मिक्सरखाली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या एचआर मॅनेजरचा मॅडमना फोन. आवाज अगदी हळू. "मॅडम, तुमची भिंत बोलतेय."

झालं असं, की फिरोजभाईंनी मोजमाप घेताना फोन भिंतीच्या सांगाड्यात ठेवला आणि वरून पॅनेल ठोकलं! आणि स्कूटर चालवताना बरं म्हणून त्यांच्या फोनला आपोआप उचलायचं सेटिंग. वर स्पीकर चालू. मॅनेजर बिचारा एकटाच मीटिंगची तयारी करत होता. तेवढ्यात भिंतीच्या पोटातून बाईचा दबका आवाज, "कुठंयत तुम्ही? कधीची बोलवतेय! ऐकू येत नाही का?"

आम्ही पोचलो तेव्हा मॅनेजर दाराबाहेर उभा. कपाळावर घाम.

"तुम्ही काय केलंत मग?" मॅडमनी विचारलं.

"काय करणार? म्हटलं, येतो! तर म्हणते, येताना दूध आणा."

त्याच्या हातात दुधाची पिशवी होती.

फिरोजभाईंनी मान खाली घालून पॅनेल उघडलं, फोन काढला. आणि इथे सगळे हसतात, म्हणून पुढचं मी सहसा सांगत नाही. फोन बंद पडलेला होता. चार्जिंगला लावला. कॉलची यादी बघितली तर भाभींचा शेवटचा फोन आदल्या संध्याकाळचा. बॅटरीही आदल्या रात्रीच संपलेली.

"भाभी, तुम्ही आज सकाळी फोन केला होता?"

"कशाला करू? हे घरातच होते की, चहा पीत!"

*

नगरमध्ये एका कानाच्या डॉक्टरांकडे तपासणीची केबिन बनवली, त्याचं सांगायलाच पाहिजे. कारण तिथूनच सगळं फिरलं.

अशा केबिनीत बाहेरचं काहीच ऐकू येता कामा नये. दार तर बँकेच्या तिजोरीसारखं. काम झाल्यावर फिरोजभाईंनी मला आत बसवून दार लावलं. पहिली दहा सेकंदं मस्त वाटतं. मग स्वतःचं रक्त ऐकू यायला लागतं. सूं... सूं... मग पापण्या. पापण्यांचा आवाज असतो, माहितीये? बारीक चिकट टकटक. मी दोन मिनिटांत दार बडवलं.

मग मॅडम आत गेल्या. डॉक्टर मजेत म्हणाले, "केबिनचं उद्घाटन तुमच्याच कानांनी करू!" मॅडम हेडफोन लावून बसल्या, आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून आम्हाला दिसत होतं. उजव्या कानाला पटापट बटण दाबत होत्या. मग डॉक्टरांनी डावीकडचा आवाज सोडला. मॅडम शांत बसलेल्या. आवाज वाढवला. मॅडम शांत. आणखी वाढवला. मॅडम आमच्याकडे बघून हसल्या आणि खुणेने विचारलं, सुरू कधी करताय?



बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागद पुढे केला. उजव्याची रेघ सरळ, डाव्याची थेट तळाला. "कधीपासून आहे हे? डावा गेलाच आहे मॅडम. उजव्याला जपा."

मॅडमनी कागदाची घडी घातली, बारीक, अजून बारीक, आणि पर्समध्ये टाकली. गाडीत म्हणाल्या, "एका कानाला दिशा कळत नाही, सायली. आवाज ऐकू येतो, पण कुठून येतोय ते सांगता येत नाही. आणि माझ्या रिपोर्टवर लोक सही घेतात ती माझ्या कानांची. हे बाहेर गेलं तर दुकान बंद."

फिरोजभाई पुढून म्हणाले, "मॅडम, आमच्या तोंडातून जाणार नाही. हां, माझा फोन भिंतीतून बोलला तर सांगता येत नाही."

मॅडम हसल्या.

*

तेव्हापासून आमचं नाटक सुरू झालं. मी कायम मॅडमच्या डावीकडे. कुणी डावीकडून बोललं की मी तेच वाक्य मोठ्याने परत म्हणायचं. "हो ना मॅडम, सर म्हणतायत तसं छत खालीच आहे!" माझी ख्याती झाली, फार पुढे पुढे करणारी पोरगी म्हणून. फिरोजभाईंचं वेगळंच. ते टेबलाखालून बूट आपटायचे, एकदा आपटला की उजवीकडे, दोनदा आपटला की डावीकडे बघा. एकदा सावेडीत एका आर्किटेक्टकडे ते इतके बूट आपटत होते की त्याने विचारलं, "काकांना मुंग्या आल्यात का?"

पण एक नाटक जमेना. काम संपलं की आम्ही पंखे, एसी, फोन सगळं बंद करून त्या हॉलची एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करतो. मॅडमच्या लॅपटॉपवर "खोल्या" नावाचं फोल्डर आहे, त्यात शेकडो रिकाम्या खोल्यांची शांतता आहे. पूर्वी मी कुठलीही फाईल लावायचे आणि मॅडम डोळे मिटून सांगायच्या, ही अमकी शाळा, ही तमकी बँक. एकदाही चुकल्या नाहीत.

आता हेडफोन लावायच्या आणि म्हणायच्या, "सगळ्या सारख्याच लागतायत गं."

*

मग खर्डा.

तिथे एक नवा हॉल, खिडकीतून भुईकोट किल्ला दिसतो. मालकाने हौसेने छत उलट्या कढईसारखं करून घेतलेलं. अशा छताची गंमत म्हणजे एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं तर तो आवाज छतावरून घसरत समोरच्या कोपऱ्यात उतरतो. मधल्या माणसाला काही नाही, पण कोपऱ्यातल्याच्या थेट कानात!

हॉल झाडायला सुमनमावशी होत्या. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, त्या कोपऱ्यात कुनीतरी कानात बोलायलंय बगा."

मी शहाणपणा केला. कागदावर कढई काढून दाखवली, बाण काढले. मावशी मान डोलवत राहिल्या. "व्हय, व्हय. पन मी एकलीच असते की हितं. समूरच्या कोपऱ्यात कोन असंल मग?"

आता ह्याला कसला बाण काढणार!

मॅडम म्हणाल्या, "तपासून बघू. तू ह्या कोपऱ्यात थांब, मी त्या कोपऱ्यात जाते." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. थोडा वेळ दिला आणि कुजबुजले, "मॅडम, येतंय का ऐकू?"

कानाला लागूनच उत्तर आलं. "येतंय. सावकाश बोल."

अंगावर काटा, पण आनंदाचा! इतकं स्वच्छ! मी म्हटलं, "मॅडम, भारीच आहे हे!"

"सावकाश."

तेवढ्यात पाठीमागचं दार वाजलं. मॅडम पाण्याची बाटली घेऊन आत येत होत्या. "तहान लागली म्हणून गाडीकडे गेले होते. तू कुणाशी बोलतेयस?"

मी समोरच्या कोपऱ्याकडे बघितलं. फक्त केरसुणी टेकवून ठेवलेली.

सुमनमावशी मात्र खूश! "तुमाला बी सावकाश म्हनलं व्हय? मला बी तेच म्हनतं. झाडायची लई घाई असती ना माजी!"

पंधरा दिवसांनी पॅनेलं लागली. शेवटचं राहिलं ते त्याच कोपऱ्यातलं. फिरोजभाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तयार, तर मॅडम म्हणाल्या, "थांबा जरा." आणि कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीला कान लावला. डावा.

"मॅडम, तो कान..." मी म्हटलं.

"माहितीये. उजवा रोजच ऐकतो. ह्याला कुणी विचारत नाही."

किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. मग बाजूला झाल्या, आणि फिरोजभाईंनी पॅनेल ठोकलं. एक मिनिट शांतता रेकॉर्ड केली. मी त्या कोपऱ्यात जाऊन कुजबुजले, तर काही नाही. मेलेला कोपरा. मॅडमनी फाईलला नाव दिलं, "खर्डा, रिकामा हॉल".

निघताना मावशींचा चेहरा उतरलेला. "आता एकटीनंच झाडायचं म्हना की."

*

आणि आता हा शेवटचा. ह्याच्यानंतर काही विचारू नका, मला माहीत नाही.

पुणतांब्याला गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून सभागृह बांधलं. कमिटीचे अध्यक्ष आबा, रिटायर हेडमास्तर. नजर अशी की मागच्या बाकावरची चिठ्ठी आजही पकडतील. काम उत्तम झालं होतं. खाली जाड गालिचा, भिंती गप्प, पाऊल वाजत नाही. रिपोर्ट द्यायला आम्ही दुपारी गेलो. आबा मॅडमच्या डावीकडे बसले. मी चहाचे कप पुढे करण्यात गुंतले आणि नेमके तेव्हाच आबा काहीतरी बोलले. मॅडम कागद चाळत राहिल्या. आबांनी परत विचारलं. फिरोजभाईंनी दोनदा बूट आपटला, पण गालिच्यावर! आवाज कुठला येतोय!

आबांनी चष्मा काढला. "मॅडम, राग मानू नका. डाव्या अंगाचं तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?"

सगळी कमिटी पुढे वाकली.

"मास्तरकी केलीय मी. मागं बसलेल्या पोराला ऐकू येत न्हाई, हे मला आधी कळायचं, त्याच्या आईला मागनं. रिपोर्टवर सही तुमची. तुमी कानानं ऐकून लिवलंय, की नुसतं मशिनचं उतरवलंय?"

"कानाने ऐकून," मॅडम म्हणाल्या.

"मंग कान दाखवा. आंदळी कोशिंबीर खेळू. मी टाळी वाजवीन, तुमी बोट दाखवायचं. जमलं तर माफी मागतो आन् समद्या तालुक्यात तुमचं नाव सांगतो. न्हाई जमलं तर बी सांगतोच."

फिरोजभाई उभे राहिले, "आबा, हे बरोबर नाही."

"तुमी दोघं भाईर," आबा म्हणाले. "लई बूट वाजवता तुमी."

आम्हाला काचेच्या दाराबाहेर काढलं. आतलं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. दार आम्हीच बसवलेलं ना! कुणीतरी टॉवेलने मॅडमचे डोळे बांधले. मी तोंडावर हात धरून उभी. दिशा कळायला दोन कान लागतात. निदान पावलं वाजली असती, हॉल थोडा घुमला असता तर एखादा अंदाज तरी लागला असता. पण तो हॉल आम्हीच इतका गप्प केलेला! आपल्याच कामात आपण मेलो.

आबा अनवाणी चालत उजव्या कोपऱ्यात गेले. हात हलले. मॅडमनी सरळ त्यांच्याकडे बोट दाखवलं. असेल नशीब. आबा मागे गेले. मॅडम वळल्या, बोट बरोबर छातीवर. डावीकडे खांबाआड गेले. बोट खांबावर. फिरोजभाईंनी माझं मनगट घट्ट धरलं, "बेटा, हे कसं?"

मग आबा मांजराच्या पावलांनी मॅडमच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले आणि हात पाठीमागे बांधले. टाळी वाजवलीच नाही. मॅडम हसल्या, काहीतरी बोलल्या. आबांचा चेहरा पांढरा पडला.

नंतर कमिटीतल्या एकाने सांगितलं काय बोलल्या ते. "आबा, आता वाजवली नाहीत. माझ्या मागे आहात, हात पाठीशी आहेत."

आबांनी सगळ्यांसमोर हात जोडले. कमिटीची सही झाली.

गाडीत बसल्यावर मी ओरडलेच, "मॅडम! कसं काय?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "कसं काय म्हणजे? तूच सांगत होतीस की. शेजारी उभी राहून, डाव्या कानात. मागे वळा, खांबापाशी, आता वाजवली नाही. आणि दरवेळी आधी, सावकाश. मला तर भीती वाटली, आबांना ऐकू जाईल."

फिरोजभाईंनी गाडी बाजूला घेतली. मागे वळून म्हणाले, "मॅडम, सायली दाराबाहेर होती. माझ्यासोबत. सगळा वेळ."

मॅडमनी पदर डोक्यावरून घेतला होता, तो फक्त डाव्या कानावरून मागे सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात पोचतेय तोच सुमनमावशींचा खर्ड्याहून फोन. "ताई, पॅनेलं ठोकल्यापास्नं ते बोलायचं पार बंद झालंय बगा. लई सवय झाल्ती त्याची. हॉल कसा खायला उठतोय. तुमी शिकलेल्या, तुमाला ठावं आसंल. जातं कुठं वो ते?"

मी "उष्णता होते" म्हणायला तोंड उघडलं.

समोर मॅडम टेबलाशी वाकून नव्या हॉलचं ड्रॉइंग काढत होत्या. डावी बाजू भिंतीकडे. त्यांनी पट्टी उचलली, रेघ खोडली आणि मान किंचित डावीकडे कलती करून हळूच म्हणाल्या, "हो गं, हो. सावकाशच काढतेय."